ओळख परेडची उरलेली गोष्ट

दगडूची गोष्ट मी निवृत्त झाल्यापासून सांगत आलो आहे, नोकरीत असतानाही सांगायचो. निरोप समारंभ असो, लग्नाची पंगत असो, चार महसूलवाले जमले की कुणीतरी म्हणायचंच, "रावसाहेब, ती दगडू शिपायाची होऊन जाऊ द्या." मी सांगायचो, लोक पोट धरून हसायचे. संपादकांनी या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले गमतीदार अनुभव' मागितले, तेव्हा त्यांच्याही मनात तीच गोष्ट असणार. ती मी लिहितो आहे. मात्र या वेळी पुरी लिहितो आहे, आणि पुरी लिहिल्यावर ती गमतीदार राहत नाही.

मी नायब तहसीलदार होतो. नोकरी बहुतेक बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आणि आसपास गेली. ही हकिगत कोणत्या कचेरीतली ते मुद्दामच लिहीत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती. माणसांची नावं बदलली आहेत. एक नाव बदललेलं नाही, कारण ते नाव ज्याचं आहे त्याने तसं बजावलं आहे.

तहसील म्हटलं की लोकांना सातबारा आणि दाखले आठवतात. पण नायब तहसीलदाराला आणखी एक टोपी असते, कार्यकारी दंडाधिकाऱ्याची. नावात दंड असला तरी हा अधिकारी कुणाला शिक्षा ठोठावत नाही. ते काम कोर्टातल्या न्यायाधीशांचं. आमच्याकडे शांतता राखण्याची कामं. जळालेल्या बाईची जबानी घ्यायला दवाखान्यात जायचं, भांडखोरांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घ्यायचा. याला सगळे चॅप्टर केस म्हणतात. एकदा दोन सख्खे भाऊ बांधावरून डोकी फोडून माझ्यासमोर आले. वर्षभर भांडणार नाही असं दोघांनी कबूल केलं. जामीनपत्र पुढे ठेवलं तर धाकटा म्हणाला, "आधी मी सही करणार."

थोरला म्हणाला, "का रं? थोरला मी हाय."

"बांध कोरताना थोरलेपन आठवलं न्हाय व्हय तुला?"

"रावसाहेब, बघा, बघा, ह्येच त्याचं!"

शाई वाळायच्या आत दोघांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या. असल्या कामात दिवस बरे जायचे, आणि आपण लोकांना शहाणपण शिकवतो असं वाटायचं.

ओळख परेड हेही आमचंच काम. त्याआधी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आपल्याकडे माणसाला पोलीस घेऊन गेले की गाव निकाल देऊन मोकळं होतं. कायद्यात तसं नाही. गुन्हा नोंदवला म्हणजे फक्त तपासाला सुरुवात झाली. तपास संपला की पोलीस दोषारोपपत्र देतात, म्हणजे आमचं म्हणणं असं असं आहे आणि त्याला हे हे साक्षीदार आहेत, एवढंच. खरं-खोटं कोर्टात ठरतं. तिथे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. आपण निर्दोष आहोत हे आरोपीने सिद्ध करायचं नसतं. पुरावा ऐकून न्यायाधीशांच्या मनात वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो. अलीकडे कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, हे सूत्र तेच आहे.

आता चोर जर अनोळखी असेल तर साक्षीदाराने खरोखर त्यालाच पाहिलं होतं का, हे तपासायला ओळख परेड असते. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करतात. या माणसांना आम्ही डमी म्हणायचो. एका संशयिताला निदान सहा डमी. वय, बांधा, रंग मिळताजुळता हवा. रांगेत कुठे उभं राहायचं ते संशयित ठरवतो. पोलिसांनी जवळपास फिरकायचं नाही. साक्षीदाराला आधी कुणी दिसता कामा नये. मग दोन पंचांसमोर साक्षीदाराला आत आणायचं, त्याने रांग बघायची आणि ओळखलेल्या माणसाला हात लावायचा. जे घडलं ते जागेवर जसंच्या तसं लिहायचं. 'जसंच्या तसं' हे या कामाचं मर्म आहे. तेवढंच मी केलं नाही.

वरकुट्याच्या हौसाबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. भाजीचं गाठोडं घेऊन सकाळच्या एसटीसाठी कालव्याच्या कडेने निघाल्या होत्या. एका माणसाने कोयता दाखवून त्यांच्या गळ्यातलं डोरलं ओढलं. त्यांनी धरून ठेवलं, म्हणून कोयत्याच्या दांड्याने हातावर मारलं. हाड मोडलं. डोरलं घेऊन तो पळाला. उजाडलं होतं आणि चेहरा स्पष्ट दिसला, असं त्यांच्या जबाबात लिहिलेलं होतं.

दोन दिवसांनी पोलिसांनी सुखदेवला धरलं. तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याच सकाळी रात्रपाळी संपवून घरी जाताना त्याची मोटरसायकल त्याच कालव्यावर बंद पडली होती. प्लग साफ करताना त्याला दोघांनी पाहिलं होतं. त्याच्याविरुद्ध एवढंच होतं. डोरलं सापडलं नाही, कोयता सापडला नाही. म्हणून सगळी मदार माझ्या परेडवर.

परेडच्या दिवशी एक डमी आलाच नाही. पाच माणसं, सहावा कमी. हौसाबाई शेजारच्या खोलीत खोळंबलेल्या, हात गळ्यात बांधलेला. दोन्ही पंच बाजारपेठेतले दुकानदार, सारखे घड्याळ बघणारे. आमचा शिपाई दगडू तिशीतला, सडपातळ, मिशीवाला. सुखदेवही तसाच. मी म्हणालो, "दगडू, टोपी काढ आणि उभा राहा रांगेत."

"मी कशाला सायेब? मला चोर म्हनत्याल लोकं."

"तुला कोण चोर म्हणतंय? कोंबडी कापताना बघून चक्कर येते तुला."

दगडू उभा राहिला. सुखदेवने त्याच्या डावीकडची जागा घेतली. हौसाबाई आत आल्या. सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या, परत फिरल्या, दगडूसमोर थांबल्या आणि त्यांनी चांगल्या हाताने त्याचा दंड धरला. "ह्यो."

दगडू ओरडला, "अवो मावशी, मघाशी पानी दिलं की मी तुमास्नी!"

खोलीत हशा पिकला. पंच हसले, डमी हसले. मी हसलो. शेजारच्या खोलीत बसलेल्या बाईला अर्ध्या तासापूर्वी दगडूने पाण्याचा तांब्या नेऊन दिला होता, हे मला तेव्हा कळलं. तिने ओळखीचा चेहरा ओळखला होता, एवढंच. लग्नाच्या पंगतीत माझी गोष्ट इथे संपायची.

पुढे असं झालं. मी हसू आवरून म्हणालो, "बाई, हा आमच्या कचेरीतला शिपाई आहे. घाबरू नका. परत एकदा नीट बघा." हौसाबाई ओशाळल्या. पुन्हा रांगेवरून नजर फिरवली आणि सुखदेवच्या खांद्याला हात लावला. मी लिहिलं, 'साक्षीदाराने रांगेचे निरीक्षण करून संशयित इसमास हात लावून ओळखले.' पंचांनी सह्या केल्या. ते आपापल्या दुकानात गेले, मी जेवायला गेलो.

मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता, कुणी चहासुद्धा पाजला नव्हता. आमच्या कचेरीत चूक झाली की खराब कागद काढून स्वच्छ प्रत फायलीला लावतात. वारस नोंदीत नाव चुकलं, दुरुस्त करा. अंगठा चुकीच्या जागी उठला, दुसरा कागद घ्या. त्याच सवयीने मी त्या बाईच्या ओळखण्याची स्वच्छ प्रत केली. पण ती चूक नव्हती. तोच पुरावा होता. या बाईला चोराचा चेहरा आठवत नाही, याचा त्याहून चांगला पुरावा कुणी आणून दिला नसता. तो मी टाकून दिला.

सुखदेवला जामीन मिळायला बरेच महिने गेले. जामिनाला विरोध करताना सरकारी बाजू सांगायची, साक्षीदाराने याला ओळखलंय. कंपनीने त्याला काढून टाकलं. खटला बारामतीला सेशन कोर्टात चालला. मी साक्षीला गेलो. सरकारी वकिलांनी परेडची हकिगत वदवून घेतली. मग आरोपीच्या वकिलांची उलटतपासणी सुरू झाली. तिच्या शेवटी एक ठरलेला भाग असतो. आरोपीचं जे म्हणणं आहे ते वकील एकेक करून साक्षीदारापुढे ठेवतात, आणि साक्षीदार एकेक करून नाकारतो. 'मी खोटा पंचनामा केला हे म्हणणे खरे नाही. मी पोलिसांच्या सांगण्यावरून सही केली हे म्हणणे खरे नाही.' नेहमी साक्षीला जाणाऱ्या माणसाच्या तोंडात हे वाक्य बसलेलं असतं. ऐकायच्या आधी उत्तर बाहेर पडतं.

वकील म्हणाले, "साक्षीदार बाईंनी प्रथम दुसऱ्याच माणसाला ओळखलं होतं, आणि तुम्ही त्यांना पुन्हा बघायला लावलंत."

मी म्हणालो, "हे म्हणणं खरं नाही."

या वेळी मात्र प्रश्न मला नीट ऐकू आला होता. सुखदेव आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. खरं म्हणालो असतो तर माझा कागद खोटा ठरला असता, बढतीचा प्रस्ताव अडकला असता. एवढ्यासाठी मी शपथेवर खोटं बोललो. त्या दिवशी हौसाबाईंनीही कोर्टात बोट दाखवलं. रांगेत हात लावलेला माणूस समोरच उभा होता, मग बोट त्याच्याकडेच जाणार.

न्यायाधीशांनी सुखदेवला सोडलं. रांगेत कचेरीचाच शिपाई होता, जबाबात चोराचं वर्णन नव्हतं, माल सापडला नव्हता. संशयाचा फायदा देऊन आरोपीची सुटका. मला हायसं वाटलं. माणूस सुटला, माझा कागदही बचावला. त्यानंतर ती गोष्ट मी विनोद म्हणून सांगायला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात बारामतीत एका लग्नात मी ती पुन्हा सांगितली. हात धुवायच्या नळाशी एक पन्नाशी ओलांडलेला माणूस माझ्या मागे उभा होता.

"ग्वाष्ट ब्येस सांगता, रावसाहेब."

"आपण?"

"दगडूच्या डाव्या हाताला हुतो मी."

मला हात पुसायचं सुचलं नाही. तो आवाज न चढवता बोलत होता. "कोर्टात वकिलानं ह्येच इचारलं, तवा तुमी म्हनला खरं न्हाय. आन् हितं लग्नात फुकट सांगताय. तितं सांगितली असती तर तितं बी हसली असती लोकं. मी बी हसलो असतो."

मी म्हणालो, "पण तुम्ही सुटलात ना."

"सुटलो? निकालाच्या कागदावर सुटलो. गावात म्हनत्यात, वकील तगडा हुता म्हनून वाचला. आज बी माझ्या पिकअपात मानसं भाजी भरत्यात, पर बायामानसं बसत न्हाईत. आन् ती हौसाबाई. वरकुट्यात कुठं समोर आली की पदर वढून गळा झाकून घेती. दर येळंला. इतकी वर्सं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हात आडवा केला. "ती नको. तुमची माफी घिऊन मी काय करू? तिला सांगा. माझ्या म्होरं सांगा."

माझा पुतण्या वकील आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, सुटका झालेल्या खटल्यात आता कोर्ट काय करणार? उलट तुम्ही लेखी दिलंत तर शपथेवर खोटी साक्ष दिल्याचं प्रकरण तुमच्यावर येऊ शकतं. या वयात कशाला?" मी म्हणालो, याच वयात. यानंतर वय उरत नाही. त्याने प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून दिला. मी त्यातले सगळे 'अनवधानाने' खोडले आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात सुखदेवच्या पिकअपमधून आम्ही वरकुट्याला गेलो. हौसाबाई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सुखदेव अंगणात उतरला तसा त्यांचा पदर गळ्यावर गेला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मी माझं नाव सांगितलं, त्या दिवशीची आठवण दिली आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा हात कुणाला लावला, मी काय म्हणालो, काय लिहिलं, कोर्टात काय बोललो.

त्या म्हणाल्या, "व्हय. पानी दिलेल्याला धरलं म्या. समदी खिदळली."

"मग दुसऱ्यांदा याला कसं ओळखलंत?"

हौसाबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू इतकं साधं मला कसं कळत नाही. "समदी हसत हुती, रावसाहेब. तुमी हसला, ती दुकानदार हसली, रांगंतली हसली. ह्यो एकटा हसला न्हाय. डोळं खाली घातलं हुतं. म्हनलं, मनात पाप हाय म्हनून हसंना. तुमी म्हनला नीट बघा, म्हनून नीट बघितलं."

सुखदेव अंगणातूनच म्हणाला, "मावशी, तुमी दगडूला धरल्याव मला वाटलं मी सुटलो. डोळ्यांत पानी आलं. कुनाला दिसू नये म्हनून खाली बघितलं."

हौसाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "मंग माझा हात मोडला कुनी?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सुखदेवचं नुकसान मी मोजत होतो. पण मी त्या बाईला एक चोर मिळवून दिला, त्यामुळे खऱ्या चोराला कुणी शोधलंच नाही. हौसाबाई मोडलेल्या डाव्या हाताने अजून घागर उचलत नाहीत. त्यांचाही गुन्हेगार मी सोडून दिला होता.

त्या मला म्हणाल्या, "तुमी कागद केलाय म्हनता त्यो कुठं द्यायचा?"

"एक कोर्टात देणार आहे. एक पोलीस ठाण्यात."

"चला मंग. मी बी येती."

सून आतून म्हणाली, "आत्या, आता पोलीस काय करणारेत? उन्हाचं कुठं जाताय?"

"तू चूल बघ. माझं मी बघती."

पिकअपच्या केबिनमध्ये तिघांपुरतीच जागा. मी मध्ये बसायला निघालो तर त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः मध्ये बसल्या, सुखदेवच्या शेजारी. गाडी सुरू झाल्यावर काचेतून समोर बघत म्हणाल्या, "बाबा, तू न्हाईस ह्ये मला पटलं. पर डोळं मिटलं की कालव्याव अजून तूच दिसतोस. त्याला माझा इलाज न्हाय."

सुखदेव म्हणाला, "दिसू द्या, मावशी. गाडीत बसलासा, त्येवढं पुरं."

ठाण्यातल्या अंमलदाराने माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "साहेब, हे प्रकरण माझ्या जन्माच्या आसपासचं दिसतंय. आवक नोंदवहीत नोंद करून घेतो. वरिष्ठांना दाखवतो. तुमच्यावर काही निघालं तर बोलवावं लागेल."

"बोलवा. पत्ता लिहिला आहे."

सुखदेव म्हणाला, "नाव नीट घ्या माझं त्यात. पुरं नाव. ह्ये रावसाहेब कुठं पुस्तकात लिवनार हाईत, तितं बी खरंच घाला म्हनलोय."

अंमलदार हौसाबाईंकडे वळला. "आजी, तुमचं काय?"

"माझा बी जबाब घे."

"तुमचा जबाब तर तेव्हाच झालाय ना?"

"त्यो तुमच्या मानसानं त्याच्या मनानं लिवला. मी काय बघितलं ते कुनी लिवलंच न्हाय. आता लिव."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने कोरा कागद घेतला, नाव, वय, गाव लिहिलं आणि विचारलं, "बरं. त्या दिवशी सकाळी कालव्यावर तुम्ही काय बघितलं?"

हौसाबाई म्हणाल्या, "धुकं."

तो थांबला. "आणि?"

"कोयता. आन् धुकं. त्वांड न्हाय बघितलं."

मी म्हणालो, "जसं बोलतायत तसंच लिहा."